पोतंभर रेतीत किती सोनं?

कोलारच्या सोन्याच्या खाणीवरचा तो मेसेज दर ग्रुपवर फिरतोय. मी वाचून सोडून द्यायचो. परवा भाचा घरी आला, मोबाइल नाकासमोर धरला आणि म्हणाला, "मामाजी, आम्ही चौघं बंगळुरूला चाललोच आहोत. येताना तिथली पोतंभर रेती आणली तर?" हातात तांदळाचं रिकामं पोतंही होतं. मग मात्र राहवलं नाही.

मेसेज थोडक्यात असा: केजीएफच्या, म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्सच्या, टेकड्यांत सोनं उघड्यावर पडलंय, सरकारने खाण मुद्दाम बंद केली, आशियातली पहिली वीज तिथेच आली, इंग्रजांनी सोनं शोधलं आणि सगळं नेलं, आता तिथे भुतं राहतात.

आधी रेतीचं. त्या टेकड्या म्हणजे खडक दळून, सायनाइडच्या पाण्यातून सोनं काढून घेतल्यावर उरलेला चोथा. तीन कोटी टनांहून जास्त. त्यात थोडं सोनं राहिलंय, हे खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. पण किती? टनामागे ग्रॅमभरही नाही. म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यात ग्रॅमचा विसावा भागसुद्धा नाही. इतवारीतल्या सराफाला विचारा, अर्धी गुंजही भरणार नाही. कोट्यवधी टनांचा हिशेब एखाद्या कंपनीला जमेलही, पोत्याचा कोणालाच जमत नाही. शिवाय ते काढायला पुन्हा सायनाइड लागेल. ते काय सीताबर्डीवर किलोने मिळतं?

आणि ही रेती कन्हानच्या रेतीसारखी नाही. कोळशाच्या खाणीत आम्ही कन्हान नदीची रेती भराईला, म्हणजे कोळसा काढून झालेली पोकळी भरायला, वापरायचो, ती बोटांतून खळखळ सुटते. ही मैद्यासारखी. वारा सुटला की घराघरात शिरते, आणि सिलिकाची बारीक धूळ एकदा छातीत बसली की निघत नाही. हा पोट्टा ती माझ्या बहिणीच्या ओट्यावर, कणकेच्या चाळणीने चाळणार होता!

मुद्दाम बंद केली म्हणे. मी तीस वर्षं कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होतो. दोनशे मीटर खालीसुद्धा शर्ट पिळून घ्यावा लागायचा. कोलारची चॅम्पियन रीफ ही खाण तीन किलोमीटरच्याही खाली गेली होती. तिथला कातळ तापलेला, वरून दाब इतका की तो आपसूक फुटतो आणि माणसं गाडली जातात. एवढं करून दर टनाला सोनं कमी कमी होत गेलं, तोटा वाढत गेला आणि २८ फेब्रुवारी २००१ ला कुलूप लागलं. कट करायला तिथे उरलं काय होतं?

विजेचं तर विचारूच नका. १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून सुमारे दीडशे किलोमीटर तार ओढून केजीएफला वीज आणली, बंगळुरूच्याही आधी. तेव्हा ही मोठीच गोष्ट होती. पण दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला १८९७ मध्ये, कलकत्त्यात १८९९ मध्ये वीज आलेली होती. दोन्ही गावं आशियातच आहेत.

शोध इंग्रजांचा? १८०२ मध्ये लेफ्टनंट वॉरन या इंग्रजांच्या फौजेतल्या अधिकाऱ्याने सोनं दाखवणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं, तेव्हा तिथल्याच उरिगाम गावच्या लोकांनी बैलगाडीतून माती आणून त्याच्या डोळ्यांसमोर धुतली आणि सोनं काढून दाखवलं. हे त्या वॉरननेच लिहून ठेवलंय; आता साहेबाचंच म्हणणं खोटं म्हणायचं का? नेलं, हे अर्धं खरं. १८८० पासून जॉन टेलर या इंग्रज कंपनीने भरपूर उपसलं. पण १९५६ मध्ये म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, पुढची पंचेचाळीस वर्षं आपणच खणत होतो.

भुतांबद्दल एवढंच: केजीएफमधल्या मारिकुप्पम स्टेशनाहून सकाळी बंगळुरूकडे निघणारी गाडी कामावर जाणाऱ्या माणसांनी भरलेली असते. भाचा त्याच गाडीने परत येणार आहे म्हणे, नुसतं गाव बघून. पोतं मी ठेवून घेतलंय.