लिस्बनमध्ये आम्ही रोज चार तास एकमेकांना सोडून फिरलो

परवा भाचीने तिचा युरोपचा प्लॅन व्हॉट्सॲपवर पाठवला. नऊ दिवस, पाच शहरं, सकाळी साडेसातपासून रात्री दहापर्यंत तासातासाला एक ठिकाण, आणि खाली लिहिलेलं, "मावशी, काही राहिलं असेल तर सांग." मी म्हटलं अगं राहिलंय ना, एकमेकांना जरा मोकळं सोडायचं राहिलंय. तिला वाटलं मावशी चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती, म्हणून इथे सविस्तर लिहिते, पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

२०२३ च्या मे महिन्यात लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं लिस्बनला गेलो. सात दिवस आणि एकच शहर. लिस्बनच का, तर माझं माहेर वसईचं. लहानपणी शाळेची सहल म्हणजे वसईचा किल्ला, पाहुणे आले की किल्ला, कॉलेज बुडवलं की किल्ला. त्या बिनछपराच्या चर्चमध्ये आम्ही डबे खाल्लेत, लपाछपी खेळलोय. १५३४ ते १७३९, म्हणजे चिमाजी आप्पांनी किल्ला घेईपर्यंत दोनशे वर्षं जे लोक आमच्या गावात बसले होते त्यांचं स्वतःचं घर कसं आहे ते मला एकदा बघायचं होतं. नवऱ्याला पॅरिस हवं होतं. पण तिथल्या हॉटेलांचे भाव बघितल्यावर त्यालाही पोर्तुगालच्या इतिहासात एकदम रस वाटायला लागला.

नवरा सिव्हिल इंजिनियर, त्यामुळे एक्सेल आलीच. ठिकाणाचं नाव, उघडायची वेळ, तिकीट, चालत किती मिनिटं, आणि शेवटच्या रकान्यात 'झालं'. पहिला दिवस असाच गेला, बरा गेला. दुसरा दिवस सोमवार. बेलें भागात जेरोनिमोस मठ बघायला गेलो तर दार बंद, सोमवारी सुट्टी. एवढी मोठी एक्सेल आणि त्यात वार बघायचा राहिलेला! मी काही बोलले नाही हं, फक्त हसले, पण ते जास्त लागलं असावं. मग मठाचे वाया गेलेले दोन तास भरून काढायचे म्हणून दिवसभर जी पळापळ सुरू झाली ती काही विचारू नका. लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय म्हणतात, त्या दिवशी मला सतरा वाटल्या. रस्ते सगळे छोट्या छोट्या पांढऱ्या-काळ्या दगडांचे, दिसायला रांगोळीसारखे आणि पायाखाली साबण लावल्यासारखे गुळगुळीत.

संध्याकाळी आल्फामा भागात सांता लुझियाचा मिरादोरो गाठला. मिरादोरो म्हणजे टेकडीवरचा कठडा, जिथून शहर दिसतं, असे तिथे बरेच आहेत. भिंतींवर निळ्या फरशा, वर बोगनवेल, खाली लाल कौलांचा उतार आणि त्यापलीकडे तेजू नदी, समुद्राएवढी रुंद. मी पर्स खाली ठेवली, बाकावर टेकले, आणि नवरा म्हणाला, "झालं बघून? चल, किल्ल्याची शेवटची एन्ट्री जाईल."

झालं बघून! आता बसले होते मी. त्यानंतर आल्फामाच्या जिन्यात जे भांडण झालं ते १९९८ पासूनची सगळी थकबाकी धरून झालं. परदेशात भांडायची एक सोय असते, कोणाला काही कळत नाही, आवाज कमी करावा लागत नाही. लिस्बनचा किल्ला राहिलाच. हॉटेलवर येऊन दोघं दोन दिशांना तोंडं करून झोपलो.

सकाळी नाश्त्याला त्यानेच विषय काढला. म्हणाला, तुला बसायचं असतं, मला चालायचं असतं, आपण एकमेकांचा वेळ खातोय. मग ठरलं, नाश्ता एकत्र, नऊ ते एक ज्याने त्याने आपापलं फिरायचं, एक वाजता रुआ आउगुस्ताच्या मोठ्या कमानीखाली भेटायचं. पासपोर्ट हॉटेलात, प्रत्येकाकडे एक कार्ड, फोन चालू, पण 'कुठे आहेस' असा मेसेज करायचा नाही. शेवटचा नियम माझा.

खरं सांगते, पहिला अर्धा तास मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. मुंबईत मी रोज एकटी लोकलने जाते, विरारच्या गर्दीत जाते, पण सुट्टीवर, परदेशात, एकटी? बसस्टॉपवर उभं राहून लक्षात आलं की पंचवीस वर्षांत ट्रिपवर एकटीने साधा चहासुद्धा घेतला नव्हता. मग घेतला. चहाला तिथे 'शा' म्हणतात. मिळतो बिनदुधाचा, त्याबद्दल नंतर कधीतरी बोलू.

मी गेले आझुलेजो म्युझियमला, म्हणजे त्या निळ्या-पांढऱ्या फरशांच्या संग्रहालयात, जुन्या मठात आहे ते. तिथे वरच्या मजल्यावर फरशांवर काढलेलं अख्खं लिस्बन शहर आहे, सुमारे २३ मीटर लांब, साधारण १७०० सालच्या सुमाराचं. नदीकाठाने राजवाडा, चर्च, गलबतं, बाजार. यातलं बरंचसं शहर १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी भूकंपात गेलं. सर्व संतांचा सण होता, लोक चर्चमध्ये होते, वेदीवर मेणबत्त्या होत्या. आधी जमीन हलली, मग समुद्र आत आला, मग कित्येक दिवस आग. राजवाडा गेला तो गेलाच, आता तिथे मोठा चौक आहे. मी त्या २३ मीटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले, तास गेला असेल. कोणी 'चल' म्हणालं नाही.

एक वाजता कमानीखाली नवरा आधीच हजर, आणि चेहरा असा की पोराला शाळेत बक्षीस मिळालंय. जेवायला बसतोय न बसतोय तोच त्याने टूथपिकांची डबी ओतली आणि टेबलावर घर बांधायला सुरुवात केली. तो सकाळभर बायशा भागात फिरत होता, म्हणजे भूकंपानंतर पोंबाल या राजाच्या मंत्र्याने नव्याने वसवलेला सरळ रेषांचा भाग. तिथल्या इमारतींच्या भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा असतो, आडव्या, उभ्या, तिरप्या वाशांचा, म्हणजे जमीन हलली तर घर लवचिक राहील आणि कोसळणार नाही. नमुना करून त्याच्याभोवती सैनिकांना कवायत करायला लावून हादरे देऊन बघितलं होतं म्हणे, १७५० च्या दशकात! आणि खाली नदीचा गाळ, म्हणून पाया पाइनच्या लाकडी खुंटांवर. हे सांगताना त्याचे हात हलत होते. मला हे माणसाचं रूप आमच्या बाल्कनीच्या लीकेजनंतर पहिल्यांदाच दिसलं.

मी त्याला मोडण्याआधीचं शहर सांगितलं, त्याने मला मोडल्यानंतरचं. दोघं एकत्र गेलो असतो तर म्युझियममध्ये तो वीस मिनिटांत घड्याळ बघायला लागला असता आणि भिंतींपाशी मी पाय दुखतात म्हणाले असते, आणि जेवताना दोघं फोन बघत बसलो असतो. दोघांनी दिवसभर एकच गोष्ट बघितली की रात्री एकमेकांना सांगायचं काय? हा साधा प्रश्न आहे, पण आपल्याकडे जोडप्याने फिरायचं म्हणजे एकमेकांना चिकटूनच फिरायचं. बाई फोटोत, बुवा फोन धरून. मग उलट. मग कोणातरी परक्याला पकडून दोघांचा.

(त्या जेवणातला एक घोळही सांगून टाकते. बसल्या बसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवलं. आपल्याला वाटलं काय प्रेमळ लोक, कांदा-लिंबू देतात तसं. सगळं फस्त केलं आणि बिलात वेगळं लागलं. त्याला कुवेर्त म्हणतात, नको असेल तर खायचं नाही, हात लावला की पैसे. इंजिनियर साहेबांनी त्या दिवसापासून ऑलिव्हकडे बघणंसुद्धा बंद केलं.)

त्यानंतर रोज तेच. तो २८ नंबरच्या पिवळ्या लाकडी ट्रामसाठी मार्तिम मोनिझला रांगेत उभा राहिला, मी असल्या रांगेत जन्मात उभी राहिले नसते, आणि पाकीटमारांच्या भीतीने पाकीट पोटाशी धरून सगळा मार्ग करून आला. मी त्याच वेळी मागच्या मोरारिया भागात भटकत होते. तिथे बांगलादेशी, नेपाळी, आपली, सगळी दुकानं, कढीपत्तासुद्धा मिळाला. मंगळवारी आणि शनिवारी फैरा दा लाद्रा भरतो, नावाचा अर्थच चोरटीचा बाजार, आपला चोरबाजार झाला की. तिथून मी एक फुटकी निळी फरशी आणली, नवरा म्हणाला ही तर आपल्या वसईच्या अंगणात सापडेल. सापडेलही.

आणि शब्दांचा खेळ लागला. दिवसभरात पाट्यांवर जो मराठी शब्द सापडेल तो रात्री टिशूवर लिहायचा. मला भाजी मंडईत बटाटा सापडला, जशाच्या तसा, शिवाय अननस, कोबी, काजू. त्याला हार्डवेअरच्या दुकानात चावी आणि बालदी. पाव तर काय पहिल्याच दिवशी. सुपरमार्केटमध्ये पैसे द्यायच्या जागी 'पगार' लिहिलेलं बघून तो हसत सुटला, तिथे पगार म्हणजे पैसे देणे, म्हणाला बरोबर आहे, आपल्याकडेही पगार आला की द्यायचाच असतो. साबणावर वाद झाला, तो म्हणे साबण अरबीतून आलाय, गुण मिळणार नाही. लिलाव, नाताळ, तुरुंग मिळून शेवटी मी पंधरा, तो बारा. समोसा कॅफेत 'शामुसा' नावाने मिळतो, पण तो शब्द आपण त्यांना दिलाय म्हणून मोजला नाही. द्यायच्या बाजूला आपलं अजून बरंच आहे. ज्या माणसाचा बाप गोव्याच्या घराण्यातला तो आंतोनियो कोश्ता आधी या शहराचा महापौर होता आणि आम्ही गेलो तेव्हा देशाचा पंतप्रधान. चहावाल्या आजींना मी हे कौतुकाने सांगायला गेले तर त्यांनी महागाईवरून त्यालाच बोल लावले. गोवा काय, राजकारणी तो राजकारणी.

आता कोणी म्हणेल मग बरोबर गेलात कशाला. तर एक वाजल्यानंतरचं सगळं एकत्रच होतं. आणि काही जागा दोघांनी मिळूनच बघायच्या असतात. जेरोनिमोसला परत गेलो, वार बघून. १५०१ मध्ये काम सुरू झालेली ती वास्तू मसाल्याच्या व्यापारावरच्या कराच्या पैशातून उभी राहिली, दगडात दोरखंड, पोवळी, गाठी कोरलेल्या. चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची कबर. हा माणूस १५२४ मध्ये आपल्या कोचीत मेला आणि त्याची हाडं १८८० मध्ये इथे आणली. माझ्या डोक्यात वसईची ती बिनछपराची चर्चं. आमच्या मिरीच्या पैशांचं छप्पर इथे शाबूत आहे, तिथे मात्र आकाश. राग म्हणावा तर तोही नव्हता, काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. नवऱ्याने काही न बोलता हात धरला, आणि त्या वेळी तो तिथे असायलाच हवा होता. फादोच्या, म्हणजे तिथल्या पारंपरिक गाण्याच्या, रात्रीही तसंच. दिवे मंद करतात, वाढप थांबतं, चमचासुद्धा वाजवायचा नाही, आणि एक बाई डोळे मिटून गाते. शब्द कळत नव्हते, पण आमच्या आजीच्या ओव्या आठवल्या.

घरी येऊन सांगितलं तर नणंदेने पहिला प्रश्न केला, "भांडण झालं होतं का?" झालं होतं, पण त्याच्या आदल्या दिवशी, चिकटून फिरत होतो तेव्हा. सासूबाईंनी मात्र शांतपणे विचारलं, "चार तास म्हणजे सकाळी की दुपारी?" आणि मग म्हणाल्या काशीला गेलो होतो तेव्हा घाटावर एकटं बसायचं होतं गं मला, ह्यांनी बसू दिलं नाही. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

भाचीला मी एवढंच सांगितलंय की पाचातली तीन शहरं काढ आणि जावईबापूंना रोज निदान दोन तास सुट्टी दे. ती म्हणाली त्यांना वाईट वाटेल. मी म्हटलं विचारून तरी बघ.

फोटोंचं विचाराल तर आमचे दोघांचे मिळून नऊ फोटो आहेत. पण नवऱ्याकडे बेलेंच्या बुरुजावरच्या दगडी गेंड्याचा एक आहे. गुजरातच्या सुलतानाकडून आलेला, गोव्याहून जहाजाने निघून १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला पोचलेला खरा गेंडा, चार महिने बोटीवर. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्तीच पळून गेला. पुढे पोपला भेट म्हणून पाठवला आणि वाटेत जहाज बुडालं, बिचारा साखळीला बांधलेला. ही गोष्ट नवऱ्याने मला रात्री बाराला, दिवा घालवल्यावर, अंधारात सांगितली. तो गेंडा मी स्वतः बघितलेला नाही. त्या वेळी मी नदीकाठी बसून दालचिनी भुरभुरवलेली पाश्तेल दे नाता, म्हणजे तिथली कस्टर्डची टार्ट, खात होते, तिसरी.