प्लवकांचं एवढं काय कौतुक!

समुद्रावर प्रेम जरूर करा. फक्त ते किती खोल न्यायचं, ते आधीच ठरवून घ्या. माझं ऐकाल तर सुरमईच्या फार खाली उतरू नका. सुरमई तारली खाते, इथपर्यंत ठीक. तारलीही आपल्याला चालते. पण तारली काय खाते, असं विचारलंत की अडकलात. ती डायाटम खाते. हे डायाटम म्हणजे काचेच्या डबीत राहणारे एकपेशीय जीव, आणि तिथून पुढे तळण्यासारखं, कालवणात घालण्यासारखं किंवा डीपीला लावण्यासारखं काहीच उरत नाही. नुसते प्लवक. पाणी नेईल तिकडे जाणारे, कुणाच्या मतदारयादीत नाव नसलेले.

सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कुणीतरी हटकून टाकणार, की पृथ्वीवर तयार होणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे निम्मा हे समुद्रातले जीव तयार करतात. गडबडू नका, दोन उत्तरं तयार ठेवा. पहिलं असं, की यात मोठा वाटा उचलणारा प्रोक्लोरोकॉकस नावाचा सूक्ष्म जीवाणू 1986 पर्यंत कुणाच्या लक्षातही आला नव्हता. समुद्राच्या एका थेंबात हजारोंनी असूनही! ज्याला इतकी वर्षं हजेरी लावता आली नाही, त्याला आपण का मोजायचं? दुसरं उत्तर अधिक वजनदार आहे: त्यातला बहुतेक ऑक्सिजन समुद्रातच खर्च होतो. हे खरंही आहे. पण एवढं टाकून लगेच पाणी कधी येणार, यावर गाडी न्या. नाहीतर समोरचा विचारेल, मग समुद्रातच तो कमी पडला तर? आणि मग अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंतचं पाणी ऑक्सिजनला जवळपास पारखं आहे, असे जाड थर जगात फार थोडे आहेत, हे सगळं निघेल. सकाळी सकाळी कुणाला हवंय ते.

त्यापेक्षा निळ्या लाटा पाहायला जा. थंडीच्या दिवसांत कोकणात कधी कधी रात्री लाट फुटते आणि तिच्या कडेने निळा उजेड धावत जातो. ओल्या वाळूत पाय घासला तरी ठिणग्या उडाल्यासारखं दिसतं. बऱ्याचदा हा उद्योग नॉक्टिल्युका नावाच्या प्लवकाचा असतो. रील काढा, खाली ‘निसर्गाचा चमत्कार’ लिहा आणि थांबा. पुढचं वाचायला जाऊ नका, कारण पुढचं फार रंगतदार आहे आणि त्यात जीव अडकतो. या नॉक्टिल्युकाचा एक हिरवा प्रकार आहे. तो पोटात बारीक हिरवं शेवाळ पाळतो, म्हणजे उन्हावर पोट भरतं. शिवाय समोर आलेले डायाटमही गिळतो. 2000 नंतर अरबी समुद्रात हिवाळ्यात याचीच चलती सुरू झाली आणि डायाटम मागे पडले. कोलंबिया विद्यापीठातले जोकिम गोएस, हेल्गा गोम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये याचा धागा थेट हिमालयाशी जोडला: तिकडचं बर्फ घटलं, हिवाळ्यात तिकडून येणारे वारे पूर्वीसारखे गार आणि कोरडे राहिले नाहीत, त्यामुळे वरचं पाणी जड होऊन खाली जाईना आणि खालचं खत वर येईना. डायाटम उपाशी, नॉक्टिल्युका मजेत. आता मासे त्याला फारसे खात नाहीत, जेलीफिश खातात. म्हणजे तुमच्या रीलमध्ये जे चमकतंय ते कदाचित तारलीच्या ताटातून उचललेलं आहे. पण हे खाली लिहिलंत तर लाइक पडणार नाहीत, म्हणून सांगतो.

प्रेम करायचंच असेल तर डोळे असलेल्या प्राण्यावर करा. वेळासला पहाटे उठून कासवाची पिल्लं पाण्याकडे जाताना बघा, ‘ऑ’ म्हणा, मोदक खा, परत या. व्हेल शार्कवरही चालेल. त्याला कायद्याचं संरक्षण आहे, आणि जाळ्यात सापडलेला असा संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर महाराष्ट्रात मच्छीमाराला भरपाईही मिळते. उत्तम योजना आहे, उपरोध नाही. फक्त एवढा मोठा शार्क जगतो कशावर, ते पोस्टरवर छापू नये. कोपेपॉड नावाच्या बारक्या प्राणी प्लवकाचं पोस्टर कुणी भिंतीवर लावत नाही.

बाजारात मात्र जपून. मावशी पाटीवरचं ओलं फडकं सारते आणि खाली तळहातात मावतील अशी पापलेटं निघतात, चंदेरी, शेपटीला अजून काळपट झाक, एका वाट्यात आठ-दहा. ‘घे ना ताई, बारकी हायेत, कडक तळ, काट्यासकट जातील.’ इथे तुम्हाला आठवण होईल, की सप्टेंबर 2023 मध्ये आपण याच रुपेरी पापलेटला राज्यमासा केलं, आणि त्याच महिन्यात 54 जातींसाठी पकडण्याचं किमान माप ठरवलं. पापलेटला 135 मिलिमीटर. आठवण झाली तरी पट्टी काढू नका, पिशवी काढा. मान राज्यमाशाला दिलाय, त्याच्या पोराबाळांना थोडाच दिलाय! आणि मावशीला दोष देण्यातही अर्थ नाही. तिने बंदरावर लिलावात जे आलं ते घेतलं. ते बंदरावर कुठल्या आसाच्या, म्हणजे किती बारीक भोकांच्या जाळ्यातून आलं, मासे गोळा करायला लावलेले, 2017 पासून बंदी असलेले एलईडीचे दिवे रात्री कुणाच्या बोटीवर पेटतात, हे प्रश्न वाटा उचलताना विचारायचे नसतात.

जून-जुलैतली मासेमारी बंदी तर कसून पाळा. म्हणजे बोटवाल्यांना पाळू द्या. आपण नेमकं त्याच दिवसांत, आषाढ संपायच्या आत, कुठून तरी गाभोळीवाली मासळी पैदा करायची. गाभोळीची चव काही औरच. तिच्यातून जे निघणार होतं तेही आधी प्लवकच असणार होतं. मासा जन्मतो तोच मुळी प्लवकांच्या गर्दीत, धड पोहताही न येणारा. शुद्ध शाकाहारी मंडळींनी इथे हसू नये, सांडपाणी त्यांचंही समुद्रातच जातं.

सांडपाण्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, कारण ते आपण छान जमवलंय. मुंबईने वरळी आणि वांद्र्याला समुद्राच्या पोटात तीन किलोमीटरहून लांब नळ टाकले आहेत, म्हणजे चौपाटीवर फिरणाऱ्याला वास येऊ नये. त्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस फुकट वाटले जातात, प्लवक माजतात, मरतात, कुजतात आणि कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतात. कुणी तक्रार केलीच, तर समुद्र मोठा आहे म्हणा. हे उत्तर आजवर कुठेही कमी पडलेलं नाही.

आम्लतेचंही तसंच. औद्योगिक युग सुरू झाल्यापासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू, म्हणजे पीएच, सुमारे 8.2 वरून 8.1 वर आला. एवढंच? ताप 98.6 चा 98.7 झाला तर आपण डॉक्टरकडे धावतो का? हे उदाहरण बिनधास्त वापरा, टाळी मिळते. सामूचं माप लॉगरिदमचं असतं, म्हणून या ‘एवढ्याशा’ फरकात आम्लता पाव पटीहून जास्त वाढते आणि चुन्याचे शंख बांधणाऱ्या प्लवकांना ते बांधणं जड जातं, हे सांगायला उभा राहणारा माणूस पंगतीत फार वेळ टिकत नाही.

आणि शेवटी विज्ञान आहेच की! समुद्रात लोखंड टाका, प्लवक फोफावतील, हवेतला कार्बन ओढून तळाशी नेतील, आपण एसी लावून बसू. ही कल्पना हवेतली नाही. 2009 मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून दक्षिण महासागरात सुमारे 300 चौरस किलोमीटरवर लोखंडाचं खत घालून पाहिलं. प्रयोगाचं नाव लोहाफेक्स. प्लवक वाढले, छान वाढले. मग कोपेपॉड आले आणि खाऊ लागले. त्यांच्या मागून कोपेपॉड खाणारे अँफिपॉड आले. त्या पाण्यात काचेच्या डबीला लागणारी सिलिका कमी, त्यामुळे काचेच्या डबीत बसून बुडणारे जाडजूड डायाटम वाढलेच नाहीत. कार्बन तळाला गेला तो किरकोळ. बाकीचा जेवणावळीत संपला.

तेव्हा कुणी विचारलंच, की समुद्राने आपला कार्बन निमूटपणे का गिळला नाही, तर खुशाल प्राणी प्लवकांकडे बोट दाखवा. त्यांना कार्बन क्रेडिटचा हिशेब कळत नाही, भूक लागली की खातात.