‘जुने शूज आजच टाकून द्या’ : झीरो-ड्रॉपच्या फॉरवर्डला उत्तर

धावणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं : टाच उंच असलेले रनिंग शूज हा पन्नास वर्षांचा घोटाळा आहे. झीरो-ड्रॉप, म्हणजे टाच आणि चवडा एकाच पातळीवर ठेवणारे, ट्रेल शूज (डोंगरवाटेवर धावायचे) घातले की गुडघेदुखी कायमची जाते. माणूस आपोआप चवड्यावर धावायला लागतो. सपाट सोलमुळे डोंगरवाटेवर पाय ‘नैसर्गिक स्थितीत’ राहतो. पोटऱ्या दुखल्या तर समजायचं की शूज काम करतायत, दोन आठवडे सोसायचं आणि जुने शूज घरात ठेवायचेच नाहीत. शेवटी पुरावा म्हणून हार्वर्ड, लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी प्रसिद्ध असलेले मेक्सिकोचे ताराहुमारा आदिवासी आणि इथिओपियाचा मॅरेथॉनपटू अबेबे बिकिला.

हा मेसेज माझ्या ताईपर्यंत पोचला. ताई वर्षानुवर्षं नियमित धावते आणि तिची ट्रेलवरची शर्यत जवळ आली आहे. तिने नवे शूज घेतले, जुने देऊन टाकले आणि मला विचारलं, “पोटरी जाम दुखतेय, म्हणजे बरोबर चाललंय ना?” नाही, बरोबर चाललेलं नाही. आणि हा प्रश्न तिच्यासारख्या अनुभवी बाईला पडावा, याचा मला राग आहे.

आधी ड्रॉप म्हणजे काय ते. शूजमध्ये टाचेखालचा थर आणि चवड्याखालचा थर यांच्या जाडीतला फरक म्हणजे ड्रॉप. नेहमीच्या रनिंग शूजमध्ये तो बहुधा ८ ते १२ मिलिमीटर असतो, झीरो-ड्रॉपमध्ये शून्य. बस, एवढंच. सोल किती जाड आहे, किती मऊ आहे, बोटांना जागा किती आहे, हे सगळे वेगळे मुद्दे. आल्ट्रा कंपनीचे लोन पीक हे ट्रेल शूज झीरो-ड्रॉप आहेत आणि त्यांत पायाखाली साधारण २५ मिलिमीटरचा थर आहे. व्हिब्रमचे फाइव्हफिंगर्स, म्हणजे प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेले, तेही झीरो-ड्रॉपच, पण त्यांत गादी जवळपास नाहीच. मेसेज लिहिणाऱ्याने हे दोन्ही आणि अनवाणी धावणं, सगळं एकत्र कालवलंय. मग एकावर झालेला अभ्यास दुसऱ्याच्या जाहिरातीला वापरता येतो.

“पोटरी दुखतेय म्हणजे शूज काम करतायत. थांबू नका.”

सगळ्यात घातक वाक्य हे आहे, म्हणून यावर जरा सविस्तर.

टाच १० मिलिमीटर खाली आली की पाय जमिनीवर असताना घोटा जास्त वाकतो. पोटरी आणि तिला टाचेच्या हाडाशी जोडणारी अकिलीस कंडरा जास्त ताणली जाते आणि प्रत्येक पावलाला जास्त भार उचलते. एका किलोमीटरमध्ये प्रत्येक पाय काही शे वेळा जमिनीवर पडतो, म्हणजे हा वाढीव भार किती वेळा येतो याचा विचार करा. पोटरी दुखणारच. त्यात जादू काही नाही, ती फक्त जास्तीच्या कामाची थकावट आहे.

अडचण पुढे आहे. स्नायू काही आठवड्यांत सरावतो. कंडरा आणि हाड यांना त्याहून खूप जास्त वेळ लागतो, अनेकदा महिने. हाडाची तर पद्धतच अशी आहे की भार वाढला की शरीर आधी जुनं हाड थोडं पोखरतं आणि मग तिथे नवं भरतं. मधल्या काळात ते हाड आधीपेक्षा कमजोर असतं. नेमक्या त्याच सुमाराला पोटरीचं दुखणं ओसरलेलं असतं, माणसाला वाटतं जमलं, आणि तो अंतर वाढवतो. ‘दोन आठवडे सोसा, मग मोकळे’ हा सल्ला माणसाला सरळ या टप्प्यात ढकलतो.

शिवाय सगळी दुखणी एक नसतात, आणि मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही. नव्या व्यायामानंतरचं स्नायूंचं दुखणं बहुतेक वेळा दोन्ही पायांत असतं, पसरलेलं असतं, एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त जाणवतं आणि मग उतरत जातं. ते सोसायला हरकत नाही. पण सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावलं टाचेच्या मागे आखडल्यासारखं, दुखरं वाटत असेल, तर ती अकिलीसची तक्रार आहे. चवड्याच्या वरच्या बाजूला बोटाने दाबून नेमकी दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल आणि धावताना ते दुखणं वाढत असेल, तर मेटाटार्सलच्या, म्हणजे चवड्यातल्या लांब हाडांच्या, स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका घ्यायलाच हवी. असं फ्रॅक्चर सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेवर अनेकदा दिसतही नाही. एमआरआयवर दिसतं. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून पुन्हा धावायला निघालेला माणूस हाड पूर्ण मोडून घेऊ शकतो.

हे मी घाबरवायला लिहीत नाही. सेरा रिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ३६ अनुभवी हौशी धावपटूंचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९ जण १० आठवड्यांत हळूहळू फाइव्हफिंगर्सकडे वळले, बाकीचे आपल्या नेहमीच्या शूजमध्येच धावले. आधी आणि नंतर सगळ्यांच्या पायांचे एमआरआय काढले. फाइव्हफिंगर्सवाल्या १९ पैकी १० जणांच्या पायातल्या किमान एका हाडात सूज वाढलेली दिसली. हाडावर ताण येतोय, याची ती खूण. लोन पीकसारख्या गादीवाल्या शूजना हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य. पण तिथे १० आठवड्यांचा हळूहळू केलेला बदलही निम्म्याहून जास्त लोकांना झेपला नव्हता, आणि इथे दोन आठवड्यांत, दुखत असताना, जुने शूज टाकून बदल करायला सांगताहेत! झीरो-ड्रॉप विकणाऱ्या कंपन्यासुद्धा ‘सावकाश सवय करा’ असंच सांगतात. मेसेज त्यांच्याही पुढे गेलाय.

“गुडघेदुखी कायमची जाते.”

यात अर्धं सत्य आहे, ते नाकारत नाही. ड्रॉप कमी झाला, पाऊल आखूड पडायला लागलं, की गुडघ्यावरचा, विशेषतः वाटीमागचा, भार कमी होऊ शकतो. गुडघ्याच्या वाटीच्या दुखण्याने हैराण झालेल्या काहींना या शूजमध्ये खरंच बरं वाटतं, आणि त्यांचा अनुभव खोटा नाही.

पण तो भार हवेत विरत नाही. तो खाली घोट्याकडे, पोटरीकडे आणि अकिलीसकडे जातो. गुडघा वाचला आणि अकिलीस गेली, तर दुखापत टळली असं म्हणायचं का?

हा प्रश्न चर्चेवर सोडायची गरज नाही, कारण त्याची नीट तपासणी झाली आहे. लॉरां मालिसू आणि त्यांच्या लक्झेंबर्गमधल्या चमूने २०१६ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये एक चाचणी छापली. ५५३ हौशी धावपटूंना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं आणि १०, ६ आणि ० मिलिमीटर ड्रॉपचे, पण गादी असलेले साधे रनिंग शूज दिले. सहा महिने कोणाला कधी दुखापत होते याची नोंद ठेवली. एकंदरीत बघितलं तर तिन्ही गटांत दुखापतीच्या जोखमीत फरक सापडला नाही. ‘कायमची जाते’ या दाव्याचा निकाल इथेच लागतो.

त्याच चाचणीतली पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. संशोधकांनी धावणाऱ्यांचे दोन भाग केले. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ दर आठवड्याला धावणारे ते अधूनमधून धावणारे, आणि सहा महिने किंवा जास्त काळ सातत्याने धावणारे ते नियमित. अधूनमधून धावणाऱ्यांमध्ये कमी ड्रॉपच्या शूजमध्ये, म्हणजे ६ आणि ० मिलिमीटर मिळून, दुखापतीची जोखीम १० मिलिमीटरच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास आली. नियमित धावणाऱ्यांमध्ये उलट झालं : जोखीम सुमारे ६७ टक्क्यांनी वाढली. म्हणजे जे आधीपासून सातत्याने धावतात, त्यांनाच हा बदल जास्त महागात पडतो. ताई याच गटातली. मेसेज नेमका अशाच लोकांच्या ग्रुपांवर फिरतोय. आणि ‘तुम्ही तर अनुभवी, तुम्हाला दोन आठवडे पुरेत’ असं एक वाक्यही त्यात आहे. ते वाचून माझा संयम सुटला.

ही चाचणी ट्रेलवरची नव्हती, हे खरं. पण ट्रेलचा मुद्दा मेसेजच्या बाजूने जात नाही.

“डोंगरवाटेवर पाय नैसर्गिक स्थितीत राहतो.”

साधं गणित करू. टाचेच्या मध्यापासून चवड्यापर्यंतचं अंतर मोठ्या माणसाच्या पायात १६-१७ सेंटिमीटर धरलं, तर १० मिलिमीटरचा ड्रॉप म्हणजे साधारण साडेतीन अंशांचा उतार. आता दर १०० मीटरला १५ मीटर चढणारी पायवाट घ्या, ट्रेलवर ती नेहमीची. ती साडेआठ अंशांची असते. जमीनच जर क्षणोक्षणी तिरकी होत असेल, तर शूजमधले साडेतीन अंश काढून पाय कोणत्या नैसर्गिक स्थितीत जाणार? चढावर टाच टेकवली की घोटा आधीच वाकलेला असतो, आणि झीरो-ड्रॉपमध्ये तो आणखी वाकतो. म्हणजे अकिलीसला सर्वांत जास्त ताण जिथे बसतो, तिथेच हे शूज तो वाढवतात. उतारावर मात्र त्यांचा फायदा जाणवतो. जमीन पुढे झुकलेली असताना उंच टाच त्यात आणखी भर घालते, सपाट सोल घालत नाही. काहींना दगडधोंड्यांत त्यावर उभं राहणं जास्त स्थिर वाटतं आणि बोटं पसरायला जागा असेल तर लांब उतारावर अंगठे कमी ठेचले जातात. पण बोटांची ही मोकळीक रुंद टो-बॉक्सची, म्हणजे शूजच्या बोटांकडच्या पुढच्या भागाची, कमाई आहे. रुंद टो-बॉक्स आणि ५ मिलिमीटर ड्रॉप असे शूजही मिळतात. नखं काळी पडण्याचा त्रास एवढंच कारण असेल, तर ड्रॉपला हात लावायची गरज नाही.

“पन्नास वर्षांचा घोटाळा.”

गादीवाले रनिंग शूज १९७०च्या दशकात पसरले हे बरोबर. त्याआधी पाय निरोगी होते, याला आधार काय? ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने सैनिकांच्या चवड्यांच्या दुखण्याचं वर्णन १८५५ मध्ये केलं. त्यालाच पुढे मार्च फ्रॅक्चर म्हणू लागले. तेच मेटाटार्सलचं स्ट्रेस फ्रॅक्चर. उंच टाचेने पोटरी आखडते, या विधानात तथ्य आहे. २०१०च्या एका अभ्यासात वर्षानुवर्षं हाय हील्स घालणाऱ्या स्त्रियांचे पोटरीचे स्नायुतंतू आखूड आणि अकिलीस जास्त ताठ आढळली. पण त्या टाचा किमान ५ सेंटिमीटरच्या होत्या. एक सेंटिमीटरच्या शूजवर तो निष्कर्ष लादता येत नाही. आणि घोटाळाच म्हणायचा, तर फाइव्हफिंगर्सच्या आरोग्यविषयक दाव्यांवरून अमेरिकेत खटला झाला होता. २०१४ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता ३७.५ लाख डॉलरची तडजोड केली. हे मेसेजमध्ये नाही.

हार्वर्ड, ताराहुमारा, बिकिला

हे तीन पटकन संपवतो. हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांचा २०१० मधला नेचरमधला अभ्यास चांगला आहे. अनवाणी धावायची सवय असलेले लोक बऱ्याचदा चवड्यावर उतरतात आणि त्यांच्या पावलाचा आघात कमी असतो, हे त्यात मोजलं. दुखापती मोजल्याच नव्हत्या. २०१३ मध्ये उत्तर केनियातल्या दासनाच लोकांचा अभ्यास आला. तेही अनवाणीच वावरतात, पण सोयीच्या वेगाने धावताना त्यांच्यातले बहुतेक जण टाचेवर उतरत होते. तेव्हा ‘आपोआप चवड्यावर’ हेही गेलं.

ताराहुमारांच्या पायांत टायरच्या रबराच्या चपला असतात हे खरं आहे. पण लहानपणापासून त्यातच डोंगर चढलेल्या पायांचा दाखला, आयुष्यभर टाच उंच असलेले शूज घातलेल्या माणसाला दोन आठवड्यांच्या हिशोबात देणं ही फसवणूक आहे. बिकिला १९६० मध्ये रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकला, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत. १९६४ मध्ये टोकियोत तो पुन्हा जिंकला, २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत, आणि तेव्हा त्याच्या पायात शूज होते.

ज्यांना वापरूनच पाहायचेत त्यांना

जरूर पाहा. मी या शूजच्या विरोधात नाही, घाईच्या विरोधात आहे. शर्यत जवळ असेल तर ती होऊ द्या आणि जुन्याच शूजमध्ये होऊ द्या. त्यानंतर सुरुवात नुसत्या चालण्याने करा. मग आठवड्यातली एखादी छोटी, सपाट धाव या शूजमध्ये, बाकी सगळी जुन्यात. १० वरून थेट ० वर उडी मारण्यापेक्षा मध्ये ४-५ मिलिमीटरचा एखादा जोड वापरता आला तर उत्तम. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश उचलायचा आणि त्याहून सावकाश खाली सोडायचा व्यायाम आधीपासून सुरू करा. पहिला जोड पातळ नको, दगडांच्या वाटेवर पायाखाली पुरेसा थर असलेलाच घ्या. चढ सगळ्यात शेवटी. सकाळच्या पहिल्या पावलांना टाचेमागे दुखलं तर त्या दिवशी त्या शूजना सुट्टी द्या, आणि सलग काही दिवस तसंच राहिलं तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. अकिलीस आधी कधी दुखावलेली असेल, तर त्यांना हा जोड घेण्याआधीच विचारा.