शिंद्यांची फौज आणि जुलैची हवा

आसईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी दुपारी पेटली आणि दिवस मावळायच्या आत तिचा निकाल लागला. माझ्या जेवणाच्या टेबलावर मात्र ती अद्याप सुरूच झालेली नाही, कारण शिंद्यांच्या प्लास्टिकच्या शिपायांची पागोटी वाळलेली नाहीत. जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेला गाठले होते; दहिसरला तिसऱ्या मजल्यावर त्या फौजेला पावसाने गाठले आहे.

हा छंद समजावून सांगणे हीच मुळात एक मोहीम असते. प्लास्टिकच्या चौकटीत अडकलेले शिपाई कापून काढायचे, साच्याची शिवण पातीने खरवडायची, हात, डोकी आणि बंदुका चिकटवायच्या, प्राइमर द्यायचा, रंगवायचे, आणि अशी पुरती पलटण उभी राहिली की मोजपट्टी व फासे घेऊन जुनी लढाई नव्याने खेळायची, असे मी सविस्तर सांगतो आणि ऐकणाऱ्याचा चेहरा दुसऱ्या वाक्यापासून सहानुभूतीचा होत जातो. माझ्या आत्याने तर सगळे ऐकून घेऊन एकच प्रश्न विचारला, "अरे, पण किल्ल्यावर ठेवायचे मावळे दिवाळीत दादरला रंगवलेलेच मिळतात की!" मिळतात, हे खरे आहे. त्यांच्यातला एक मावळा आमच्या शोकेसमध्ये आहेही, आणि त्याला डोळे, मिशी, ढाल, तलवार असे सगळे आहे. माझ्या शिपायांना अजून डोकी बसायची आहेत.

अडचण अशी की प्लास्टिकमध्ये नेपोलियनच्या काळातले फ्रेंच आणि इंग्रज हवे तेवढे मिळतात, पण शिंद्यांच्या कंपूतला, म्हणजे कवायती फौजेतला, शिपाई मला कोणत्याही खोक्यात सापडलेला नाही. महादजी शिंद्यांनी द बॉइन या युरोपातल्या सॅव्हॉयच्या सरदाराकडून १७८४ पासून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या, त्यांनी उत्तर हिंदुस्थानात दरारा बसवला, आसईला वेलस्लीसमोर याच कवायती फौजेच्या पलटणी उभ्या होत्या. तरी विलायतेतल्या साचेवाल्यांना त्यांची आठवण नाही. तेव्हा इंग्रज शिपायाचे खोके आणायचे आणि त्या इंग्रजाला शिंद्यांच्या चाकरीत घ्यायचे, एवढाच मार्ग उरतो. प्रत्यक्ष इतिहासातही शिंद्यांच्या फौजेत युरोपीय अधिकारी होतेच, त्यामुळे या बदलीला मी पूर्वीचा दाखला आहे असे समजतो.

ही चाकरी देण्याची रीत थोडक्यात सांगतो. डोके वेगळे मिळते हे बरे. त्यावरची उंच टोपी कपाळाच्या रेषेत कापायची आणि उरलेल्या टकलावर पागोटे बांधायचे. पागोट्यासाठी परदेशी लोक हिरव्या रंगाचे दोन भागांचे एपॉक्सी वापरतात. मी एम-सील वापरतो. दोन्ही भाग सारखे घेऊन मळायचे, बोटांना पाण्याचा हात लावायचा, पाटावर शेवईइतकी बारीक वळी करायची, ती कपाळापासून तिरकी गुंडाळत न्यायची आणि शेवटचे टोक मागे खोचून सुईच्या अग्राने चुण्या पाडायच्या. एम-सील हाताशी असते तोवर मऊ असते आणि चुणी पाडायची वेळ आली की दगड होते. शिवाय ते मुळात न्हाणीघरातल्या गळक्या पाइपासाठी आणलेले होते. "अहो, सगळ्यांची डोकी झाली असतील तर उरलेलं नळाला लावा," असे बायकोने दोनदा सांगितले आहे. बादलीत नळ थेंब थेंब गळतो आहे आणि टेबलावर अठ्ठेचाळीस जण पागोटी बांधून वाळत आहेत.

पायांच्या बाबतीत मी तत्त्वाला मुरड घालतो. इंग्रज शिपायाच्या पायात बूट आहेत आणि हिंदी शिपायाला ते शोभत नाहीत. पण बूट कोरून त्यातून पाच बोटे काढण्याच्या भानगडीत शहाण्याने पडू नये. मातकट तपकिरी रंग दिला की हातभर अंतरावरून बुटाचा पाय होतो. इतिहासाच्या अभ्यासकांनी हातभर अंतर राखावे.

कापाकापीत उडालेले अवयव हे घरातले आणखी एक प्रकरण आहे. केर काढायला येणाऱ्या मावशी पहिल्यांदा केरसुणी थांबवून माझ्याकडे आल्या, तळहात पुढे केला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "दादा, हा हात कुणाचा?" बंदुकीसकट उजवा हात होता. तेव्हापासून त्या केर भरण्याआधी सुपलीतून चिमटीने एकेक वस्तू वेचतात आणि खिडकीच्या कठड्यावर बाटलीच्या झाकणात ठेवून जातात. कधी त्यात संगीन असते, कधी नगारा, कधी तुरीची डाळ. डाळीचा दाणा आणि फुटलेले डोके यांत ओळखू येण्याजोगा फरक नाही, त्यामुळे झाकणातले काही टाकून देण्याचे धाडस मला होत नाही.

खरी परीक्षा मात्र प्राइमरची. रंग प्लास्टिकला धरावा म्हणून आधी तो एक हात द्यावा लागतो आणि डब्यातून फवारणे हा त्याचा सोपा मार्ग सांगितला जातो. सांगणारे कोरड्या देशांत राहतात. जुलैत मुंबईच्या हवेत ऐंशी टक्क्यांच्या वर आर्द्रता असते. फवारा उडताना त्यातला द्रावक भराभर उडून जातो, पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतला ओलावा बसतो आणि शिपायाच्या अंगावर रवाळ खरबरीत पुटकुळ्या येतात. शेवटचा मॅट वॉर्निश तर त्याहून घातकी, कारण तो ओल धरून दुधाळ होतो आणि कष्टाने रंगवलेली पलटण कायमची धुक्यात जाते. तरीही एका उघडिपीच्या सकाळी मी डबा घेऊन गच्चीवर गेलो, कारण बाल्कनीखाली दुसऱ्या मजल्याच्या चादरी असतात. सोसायटीचे सेक्रेटरी पाठोपाठ आले.

"काय मारताय साहेब? डासांचं औषध?"

"नाही, प्राइमर आहे."

"मग डासांचं औषध कधी मारणार?"

त्यांनी हे माझ्या नावावर नोंदवून घेतले असावे, कारण त्या आठवड्यात तळमजल्यावरच्या आजोबांनीही डासांची चौकशी माझ्याकडेच केली. गच्चीवर तेवढ्यात सरही आली. तेव्हापासून कुंचल्याने लावायचा पाण्यातला प्राइमर, बंद खिडक्या आणि बंद पंखा अशी व्यवस्था आहे. पंखा बंद अशासाठी की तो सुरू असला तर थेंबभर रंग कुंचल्याच्या टोकावरच सुकतो. आणि तो बंद असला की माझ्या कपाळावरचा घाम नेमका नुकत्याच रंगवलेल्या डगल्यावर पडतो. पाण्याच्या रंगात पाणी मिसळले तर बिघडत नाही, पण त्यात मीठ असते.

डोळ्यांचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहिला. उभ्या शिपायाच्या डोळ्यांपर्यंतची उंची २८ मिलिमीटर धरली की सारे मूळ मापाच्या साधारण ५६ वा भाग होते. माणसाच्या डोळ्याची रुंदी तीन सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे या शिपायाचा डोळा अर्धा मिलिमीटर, आणि त्यात पांढरे भरून मधोमध काळा ठिपका द्यायचा. लोक यासाठी तीन शून्यांचा, म्हणजे अगदी बारीक, कुंचला घेतात, पण त्याला रंग धरून ठेवायला पोटच नसते. जरा मोठा, टोक न फुटलेला कुंचला बरा. तरीही माझ्या पहिल्या रांगेतले निम्मे शिपाई आश्चर्यचकित दिसतात आणि उरलेले एकमेकांकडे संशयाने पाहतात. लढाईला उभे असल्यासारखे नव्हे, तर पगार थकल्यासारखे. आणि शिंद्यांच्या फौजेत पगार थकत असेही, तेव्हा ते मी तसेच ठेवले.

एका मित्राच्या ओळखीने परळला एका गणपतीच्या कारखान्यात गेलो. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारे काका एका हाताने फोन धरून, दुसऱ्या हाताने, श्वासही न रोखता, वीतभर रुंदीच्या डोळ्याची कड ओढत होते. त्यांनी माझा शिपाई चिमटीत धरला, उजेडाकडे नेला, चष्मा कपाळावर केला, पुन्हा खाली आणला.

"याला माणसं किती लांबून बघणार?"

"टेबलाच्या या बाजूने त्या बाजूला."

"मग भुवईखाली नुसती काळी सावली द्या आणि मोकळे व्हा. डोळे पाहिजेतच असतील तर गणपतीनंतर या. नगावर पैसे पडतील."

सावली दिली. फार बरे दिसते, असे मला वाटते. काका काय म्हणतील हे गणपतीनंतर.

यापुढचा पेच रंगाचा आहे. शिंद्यांच्या या कवायती शिपायांचा पोशाख पुष्कळसा कंपनीच्या शिपायांच्या धर्तीवर, म्हणजे तांबडा डगला. माझा मित्र कल्याणहून वेलस्लीची फौज जेवणाच्या डब्यात घालून, कापसात गुंडाळून, लोकलने आणतो आणि तीही तांबडीच. त्याचा तांबडा विटेकडे झुकतो, माझा कुंकवाकडे, पण ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच. तालमीच्या डावात आम्ही फासे टाकून त्याचीच एक तुकडी त्याच्याकडून कापून काढली. शेवटी माझ्या शिपायांच्या बेसची, म्हणजे पायाखालच्या चकतीची, कड भगवी आणि त्याच्यांची निळी करायचे ठरले. याला तो इतिहासाशी प्रतारणा म्हणतो. डब्यातून चटणीचा वास येणारी इंग्रज पलटण ही प्रतारणा नाही, असेही त्याचे मत आहे.

आता राहिल्या तोफा. आसईला नव्वदहून अधिक तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या, म्हणजे टेबलावर निदान तीन तरी हव्यात, आणि तोफ म्हटली की ओढायला बैल आले. या मापात बैल खांद्यापर्यंत अडीच सेंटीमीटर हवा. पोळ्याच्या सुमारास मातीचे बैल मांडून बसलेल्या एका बाईंपुढे मी मोजपट्टी धरली, तेव्हा त्यांनी आधी मोजपट्टीकडे आणि मग माझ्याकडे पाहिले.

"एवढासा बैल नाही येत भाऊ. त्याला पुरणपोळीचा घास कसा भरवणार?"

मी त्यांच्याकडची सर्वांत लहान जोडी घेतली आणि तिच्या मापाने तोफ केवढी करावी लागेल याचा हिशेब दहिसर येईपर्यंत करत राहिलो.