2520 वाला फॉरवर्ड : रामानुजनना नको ते श्रेय देऊ नका

"2520 ही जगातली एकमेव संख्या जिला 1 ते 10 सगळ्यांनी भाग जातो, अशी संख्या असूच शकत नाही असं मोठमोठे गणितज्ञ म्हणायचे, ती रामानुजननी शोधली, आणि तिचं रहस्य म्हणजे आठवड्याचे 7 दिवस × महिन्याचे 30 दिवस × वर्षाचे 12 महिने." आमच्या फॅमिली ग्रुपवर हे परत आलंय. रामानुजनबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच लिहावंसं वाटलं.

एकमेव? अजिबात नाही. 2520 ची दुप्पट 5040, तिप्पट 7560, कितीही पुढे जा, सगळ्यांना 1 ते 10 ने भाग जातो. 2520 ही त्यातली सगळ्यात लहान, एवढंच खरंय.

असूच शकत नाही असं कोण म्हणेल? 1 ते 10 सरळ एकमेकांना गुणा, 36,28,800 येतात, त्याला भाग जाणारच ना! सगळ्यात लहान हवी असेल तर लसावि काढायचा. सहावीतल्या भाचीने वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवला: 8 घेतला की 2 आणि 4 त्यात आलेच, 9 मध्ये 3 आला, मग 5 आणि 7, आता 6 आणि 10 साठी वेगळं काही लागत नाही. 8×9 म्हणजे 72, पाचाने गुणून 360, साताने गुणून 2520. झालं.

कॅलेंडरचं रहस्यही इथेच सुटतं बघा. 30×12 म्हणजे 360, आणि 360 ला 7 सोडून 1 ते 10 मधल्या सगळ्यांनी आधीच भाग जातो, राहिलेला 7 आठवड्यातून आणला. वर्ष काही 360 दिवसांचं नसतं, आपलं चांद्रवर्ष तर 354 दिवसांचं, म्हणून तर अधिक महिना धरावा लागतो.

आणि रामानुजननी शोधली म्हणाल तर प्लेटोने 2300 वर्षांपूर्वीच आदर्श नगरासाठी 5040 घरं सुचवली होती, कारण हेच की तिला 1 ते 10 सगळ्यांनी भाग जातो. रामानुजनचं खरं काम याच्या कितीतरी पुढचं आहे आणि ते कोणी फॉरवर्ड करत नाही याचं वाईट वाटतं. 1915 साली त्यांनी हायली कॉम्पोझिट संख्यांवर मोठा पेपर लिहिला, म्हणजे अशा संख्या की त्यांच्याइतके विभाजक त्यांच्यापेक्षा लहान कुठल्याच संख्येला नाहीत. 2520 त्यात आहे, 48 विभाजक. पण त्यांची यादी थेट 67,46,32,83,88,800 पर्यंत जाते, या एका संख्येला 10,080 विभाजक! कॉम्प्युटर नसताना. एवढ्या लांब यादीत त्यांच्याकडून एकच संख्या निसटली, 2,93,31,86,25,600, आणि तिलाच 23 ने गुणलं की त्यांच्या यादीतली शेवटची संख्या येते, करून बघा.