मँटल ‘उपटून काढा’ म्हणणाऱ्यांना

अमेरिकेत जुनं घर घेतलेल्या आपल्या मंडळींत एक सल्ला फार फिरतो. विटांच्या फायरप्लेसवरचा दगडी मँटल, म्हणजे भिंतीतून पुढे आलेली फळी, निव्वळ शोभेचा असतो. छिन्नी-हातोड्याने दोन तासांत उपटून काढा, खाचेवर टाइल लावा, वर छानशी लाकडी फळी ठोका. कंत्राटदार उगाच लुटतात. न्यू जर्सीतल्या आमच्या १९६२ च्या घरात मी हेच ऐकून हातोडा उचलला होता.

‘निव्वळ शोभेचा.’ अर्धं खरं. घराचं छप्पर त्याच्यावर नसतं. जाळाच्या तोंडावरच्या विटा पेलणारा लोखंडी अँगलही वेगळा, त्याला हात लावायचाच नाही. पण दगडी मँटल बहुतेक वेळा भिंतीला चिकटवलेला नसतो, भिंतीत रोवलेला असतो. आमचा ब्लूस्टोनचा: सहा फूट लांब, तीन इंच जाड. बाहेर सहा इंच दिसायचा आणि आत चार इंच गेलेला, म्हणजे दर्शनी विटेच्या जवळजवळ पूर्ण रुंदीइतका. वरचे सगळे थर त्या चार इंचांवर टेकलेले. तो उपटला तर विटा कशावर राहणार?

हे मला चार घाव घातल्यावर कळलं. दगड ढिम्म हलला नाही. वरच्या तीन थरांच्या सांध्यांतून मात्र जिन्यासारखी चीर चढत गेली.

म्हणून उपटायचा नाही, कापायचा. आतला भाग आतच राहू द्यायचा. साडेचार इंची ग्राइंडरची डायमंड चकती जेमतेम सव्वा इंच खोल जाते. त्यामुळे भिंतीलगत वरून एक काप, खालून एक. मध्ये अर्धा इंच दगड उरतो, तो छिन्नीने तुटतो. त्याआधी फूट-फूट अंतरावर उभे काप घ्यायचे आणि खाली लाकडी टेकू द्यायचे. बाहेरचा भागच पन्नास-पंचावन्न किलो भरतो; अख्खा सुटला तर खालची फरशी तरी जाईल नाहीतर पाय. तुकड्यांत काढला तर एकेक नऊ-दहा किलोचा येतो. आम्हाला दोन शनिवार लागले.

‘दोन तासांत’ म्हणणारे धुळीचं तर नावच काढत नाहीत. विटा-दगड कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे, आणि बंद खोलीतला कोरडा ग्राइंडर ती बघता बघता ओलांडतो. सर्जिकल मास्क इथे कुचकामी. निदान एन-९५ हवा, ग्राइंडरला व्हॅक्यूम जोडलेला हवा, खोली प्लॅस्टिकने बंद आणि घराचं हीटिंग बंद, नाहीतर धूळ डक्टमधून थेट मुलांच्या खोलीत. विटा रंगवलेल्या असतील आणि घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगात शिसं आहे का याची चाचणी आधी. गॅसवर चालणाऱ्या जुन्या फायरप्लेसमधल्या खोट्या ओंडक्यांखाली राखेसारखं काही पसरलेलं असेल तर ते झाडूही नका: तसल्या कृत्रिम राखेत ॲस्बेस्टॉस असायचा, बंदी आली १९७७ मध्ये.

टाइलबद्दल फार लिहीत नाही. रंगावर आणि काजळीवर ती धरत नाही, एवढं पुरे.

‘कंत्राटदार लुटतात.’ लुटत असतील. काम स्वतः करू नका असं मी म्हणतच नाही. पण हादऱ्यांनी चिमणीच्या आतली मातीची नळी तडकू शकते आणि ती तड समोरून दिसत नाही. कॅमेरा आत सोडून तपासणी करून घेतल्याशिवाय जाळ पेटवू नका. तडीतून घरात शिरणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. आम्ही त्या एका कामाचे पैसे मुकाट्याने मोजले.

राहिली लाकडी फळी. अमेरिकेतल्या बांधकाम नियमांनुसार जाळाच्या तोंडापासून सहा इंचांच्या आत जळाऊ काहीच चालत नाही. बारा इंचांपर्यंत दर इंच अंतरामागे फक्त एक अष्टमांश इंच पुढे येऊ द्यायचं. म्हणजे तोंडापासून आठ इंचांवर लावलेली फळी पुढे येणार एक इंच. हौसेने मँटलवर गणपती बसवणाऱ्यांनी हिशोब करावा: एका इंचावर उदबत्तीचं घरसुद्धा राहत नाही.