फिरणाऱ्या पेनातही लाकडाच्या रेषा जुळतात

हाताने लाकडी पेन घडवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. दोन भागांच्या, फिरवून रिफिल बाहेर काढायच्या पेनात लाकडाच्या रेषा जुळवण्यावर वेळ घालवू नये, असे तो सांगतो. कारण वरचा भाग फिरताच जुळणी मोडते, एकाच तुकड्यातून दोन भाग कापताना करवत मधले लाकूड खाऊन टाकते, सांध्यावरच्या रिंगमुळे चूक दिसत नाही आणि एकदा दाबून बसवलेले भाग पुन्हा हलवता येत नाहीत. ‘स्लिमलाइन’सारख्या अतिशय प्रचलित किटच्या, म्हणजे पेनाच्या तयार धातूच्या भागांच्या संचाच्या, बाबतीत यातला एकही मुद्दा टिकत नाही, आणि या सल्ल्यापायी शिसव किंवा सागवानाचे देखणे तुकडे मधोमध तुटल्यासारखे दिसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वरचा भाग फिरतो हे खरे, पण तो वाटेल तिथे थांबत नाही. फिरकीला, म्हणजे रिफिल आत-बाहेर करणाऱ्या आतल्या यंत्रणेला, दोन्ही टोकांना अडसर असतो: रिफिल पूर्ण आत गेल्यावर एक आणि पूर्ण बाहेर आल्यावर दुसरा. यांपैकी एका स्थितीत रेषा जुळवल्या, तर पेन कितीही वेळा उघडले-मिटले तरी त्या स्थितीत रेषा पुन्हा समोरासमोर येतात. लिहिताना जुळणी दिसावी असे ज्यांना वाटते त्यांनी उघडी स्थिती निवडावी. माझे मत मिटलेल्या पेनाच्या बाजूने आहे, कारण टेबलावर किंवा खोक्यात पेन बहुतेक वेळ मिटलेलेच असते.

करवतीचा मुद्दा अधिक बारकाईने पाहायला हवा, कारण तो ऐकताक्षणी पटतो. करवतीच्या कापाच्या रुंदीइतके लाकूड जाते आणि तोंडे काटकोनात सपाट करताना आणखी थोडे जाते. रेषा पेनाच्या लांबीला जवळजवळ समांतर असतील, तर या घटीने फरक पडत नाही. त्या तिरक्या असतील तर मात्र पडतो: ४५ अंशांच्या रेषांत २ मिमी लाकूड गेले की सांध्याशी रेषा २ मिमी सरकलेली दिसते, आणि वरचा भाग थोडा फिरवून एका बाजूला ती जुळवली, तर पलीकडच्या बाजूला चूक दुप्पट होते. पण हा सल्ला देणारे एक गोष्ट विसरतात. स्लिमलाइनमध्ये दोन लाकडी भाग एकमेकांना चिकटत नाहीत. त्यांच्या मध्ये रिंग बसते आणि तीही जागा घेतेच. गेलेल्या लाकडाची एकूण लांबी रिंगच्या रुंदीइतकी असेल, तर तिरकी रेषा रिंगखालून सरळ पलीकडे गेल्यासारखी दिसते. म्हणून कापण्याआधी रिंग व्हर्निअर कॅलिपरने मोजावी आणि करवतीच्या कापाची रुंदी वजा करून उरलेले अंतर दोन्ही तोंडांवरून मिळून घासून काढावे. अतिशय पातळ पात्याचा आग्रह रिंग नसलेल्या किंवा अगदी अरुंद रिंगच्या पेनासाठी योग्य आहे. रुंद रिंगच्या पेनात गरजेपेक्षा कमी लाकूड जाणे हीसुद्धा चूकच.

रिंग चूक झाकते, हे म्हणणे यातूनच निकालात निघते. सागवानात वाढीच्या वलयांच्या रेषा ठळक उठतात, आणि रिंगच्या दोन्ही बाजूंना त्या वेगळ्या जागी दिसल्या तर चकाकणारी रिंग नजर नेमकी तिथेच नेते. गाठीचे, सगळीकडे भोवरे असलेले लाकूड किंवा रेषाच न दिसणारे लाकूड असेल, तर जुळवण्याची खटपट केली नाही तरी चालते, एवढे मान्य आहे.

राहिला दाबून बसवण्याचा मुद्दा. प्रत्येक लाकडी भागात भोक पाडून एक पितळी नळी चिकटवलेली असते. खालच्या पितळी नळीत टोक आणि फिरकी दाबून बसतात, वरच्या नळीत क्लिप आणि तिची टोपी दाबून बसते, आणि ती पुन्हा काढणे खरोखर अवघड असते. म्हणून जुळणी सर्वांत ठळक दिसते ती बाजू क्लिपखाली जाणार नाही, हे टोपी दाबण्याआधीच ठरवावे. वरचा भाग मात्र फिरकीवर केवळ घर्षणाने बसतो. तो आधी अर्धवट सरकवावा, पेन पूर्ण मिटवून रेषा पाहाव्यात, चुकल्या असतील तर ओढून काढून पुन्हा बसवावा. कोणती तोंडे सांध्याची हे विसरू नये म्हणून नळ्या चिकटवल्यावर त्यांच्या आत मार्करने खूण करावी, कारण लाकडावरची पेन्सिलची रेघ लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत घडवायच्या यंत्रावर, लगेच जाते. भोक सांध्याच्या तोंडाकडूनच पाडावे, म्हणजे खोल जाताना ड्रिल थोडे भरकटले तरी सांध्याशी रेषांची मांडणी बिघडत नाही.

रिफिल बदलताना वरचा भाग असाच सरळ ओढून काढावा लागतो आणि प्रत्येक वेळी जुळणी नव्याने करावी लागते. त्यामुळे पेन हवाली करताना घेणाऱ्याला हे एकदा समोर करून दाखवावे आणि भाग परत बसवण्याआधी फिरकी शेवटपर्यंत मिटवायची, हेही सांगावे.